उजव्या लेनमधला ट्रक साईड देत नाही, तेव्हा नेमकं काय करायचं?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आधी मला तो कसा समजला ते लिहितो. तुम्ही आठ महिन्यांपूर्वी गाडी घेतलीत. दर शनिवारी पुण्याहून एकट्या कराडला आईकडे जाता आणि रविवारी संध्याकाळी परत येता. उजव्या लेनमध्ये ट्रक, टेम्पो, कधी साठच्या वेगाने चाललेली कार तुमच्यापुढे ठाण मांडून असते. हॉर्नचा उपयोग होत नाही, आणि एका कारवाल्याने तर हॉर्न ऐकून मुद्दाम ब्रेक मारला. गेल्या महिन्यात उंब्रजच्या अलीकडे डाव्या लेनमधल्या एका ट्रकने उजवा इंडिकेटर दिला. तुम्हाला वाटलं तो 'उजवीकडून जा' म्हणतोय. तुम्ही गाडी घातलीत आणि ट्रक तुमच्याच लेनमध्ये आला. भाऊ म्हणतो अप्पर (हेडलाईटचा वरचा झोत) मारत मागे लागायचं, ऑफिसमधले एक जण म्हणतात हॉर्न वाजवणंच असभ्य. आणि शेवटी विचारलंय, मोठा हॉर्न बसवून घेऊ का.

मी २६ वर्षं एस.टी. चालवली. त्यातली बरीचशी सातारा-स्वारगेट आणि सातारा-कोल्हापूर. आता साताऱ्यात, लायसन्स आहे पण हायवेला हात कापतो अशा लोकांना शेजारी बसून सराव देतो. तुमच्यासारखा प्रश्न दर आठवड्याला कोणीतरी विचारतंच.

तुम्ही विचारलंय, 'त्याला बाजूला कसं करू?' मला वाटतं त्याआधी दोन गोष्टी बघायला हव्यात. तो तिथे का आहे, आणि तुम्ही दिलेली खूण त्याला कळते का? आपल्याकडे ड्रायव्हर लोक 'साईड मागितली', 'साईड दिली' असं म्हणतात. मागणं-देणं आहे ते. समोरच्याकडे द्यायला जागाच नसेल, किंवा तुम्ही काय मागताय हे त्याला कळलंच नसेल, तर हॉर्न कितीही दाबला तरी काही मिळत नाही.

आधी तो तिथे का आहे ते. पुस्तकातला नियम सरळ आहे. डावीकडे हळू, उजवीकडची लेन ओव्हरटेकपुरती, आणि ओव्हरटेक झाला की परत डावीकडे. २०१७ च्या ड्रायव्हिंग रेग्युलेशन्समध्येही डावीकडून चालायचं आणि उजवीकडून ओव्हरटेक करायचा हेच आहे. पण आपला पुणे-सातारा-कराड रस्ता मुंबई-पुणे एक्स्प्रेस-वेसारखा बंदिस्त नाही. एक्स्प्रेस-वेला दुचाकी आणि ट्रॅक्टरला बंदी आहे, आपल्याकडे ते हक्काने चालतात. ट्रक ड्रायव्हरच्या केबिनमधून डावी लेन कशी दिसते बघा. पाचवडला फाट्यावर वडाप (शेअर जीप) उभी, पुढे एस.टी.ची वाट बघणारी माणसं पांढऱ्या पट्टीच्या आत आलेली, मग ढाब्यापुढे अर्धवट रस्त्यात लावलेला कंटेनर, सर्व्हिस रोडवरून न बघता वर येणारी मोटारसायकल. पंचवीस-तीस टनांची गाडी एकदा थांबवली की परत वेगाला आणायला किती गियर आणि किती डिझेल लागतं, ते त्याचं त्यालाच माहीत. म्हणून तो उजवी धरतो. चूकच आहे ती, मी समर्थन करत नाही. पण हे कारण माहीत असलं की एक गोष्ट लगेच कळते. साईड त्याला जमेल अशाच जागी मागायची.

म्हणजे कसं? ट्रकच्या मागे लागण्याआधी, लांबूनच, डाव्या लेनमध्ये पुढे काय आहे ते बघा. सलग दोनशे-तीनशे मीटर मोकळी दिसतेय? मग मागा. तिथे एखादा ट्रॅक्टर किंवा दुसरा ट्रक असेल, तर तुमच्यापुढचा ट्रक त्यालाच ओव्हरटेक करतोय. त्याला थोडा वेळ द्या. हा वेळ किती ते एकदा गणिताने बघून घ्या, म्हणजे चिडचिड कमी होईल. एक ट्रक ताशी ६०, दुसरा ५५. फरक ५ किलोमीटरचा, म्हणजे सेकंदाला जेमतेम १.४ मीटर. दोन्ही गाड्यांची लांबी आणि मागचं-पुढचं अंतर धरून त्याला साधारण ६० मीटर पुढे सरकायचंय. झाले ४३ सेकंद, आणि तेवढ्यात ७०० मीटर रस्ता गेला. त्यात या गाड्यांना ८० वर बांधणारा स्पीड गव्हर्नर असतो, म्हणजे सपाटीलाही तो मनात आणून जोरात पुढे निघू शकत नाही. त्या ४३ सेकंदांत मागून दिलेला प्रत्येक हॉर्न वाया जातो, आणि पुढे खरंच साईड मागायची वेळ येते तेव्हा त्याने कान बंद केलेले असतात.

आता अंतर. माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या आठ जणांची चूक इथे असते, म्हणून यावर जरा जास्त लिहितो.

साईड मागताना माणूस नकळत जवळ जातो. जवळ गेलं की आपण दिसू असं वाटतं. होतं उलटं. ट्रकच्या मागच्या फाळक्यापासून पाच-सात मीटरवर तुमची कार असेल, तर त्याच्या दोन्ही आरशांत तुम्ही नाहीच. त्याच्या लेखी मागे कोणी नाही. मागे सरका, इतकं की त्याच्या उजव्या बाजूचा आरसा तुम्हाला दिसायला लागेल. आरशात त्याचं तोंड दिसलं तर उत्तमच. ८० च्या वेगाला तुम्ही सेकंदाला २२ मीटर जाता, म्हणून तीन सेकंदांचं, म्हणजे ६५-७० मीटरचं अंतर मी धरायला लावतो. तो एखाद्या खांबापाशी पोचला की 'एक हजार एक, एक हजार दोन, एक हजार तीन' म्हणा. तुम्ही त्याआधी त्या खांबाला पोचलात तर जवळ आहात.

या अंतराचं दुसरं कारण जास्त गंभीर आहे. आपल्या रस्त्यावर उलट्या दिशेने येणाऱ्या दुचाक्या डिव्हायडरला चिकटून, म्हणजे उजव्याच लेनमधून येतात. पुढचं वळण लांब पडतं म्हणून गावातली माणसं हे करतात. भुईंजच्या पुढे एकदा मी कारमध्ये एका विद्यार्थ्याच्या शेजारी बसलो होतो. पुढे उजव्या लेनमध्ये कंटेनर. विद्यार्थी त्याच्या अगदी शेपटीला जाऊन हॉर्न देत होता. मी म्हणालो, मागे घ्या. त्याने पाय काढला, गाडी मागे पडली, आणि दुसऱ्याच मिनिटाला कंटेनर झटक्यात डावीकडे गेला. साईड दिली असं विद्यार्थ्याला वाटलं. पण समोर डिव्हायडरला खेटून दुधाच्या किटल्या लावलेली मोटारसायकल, उलटी, आमच्याकडे तोंड करून. आम्ही मागे होतो म्हणून ब्रेक लागला. मोटारसायकलवाला हात वर करून निघून गेला, विद्यार्थी मात्र पुढचे दहा किलोमीटर बोलला नाही. ताई, उजव्या लेनमधला ट्रक अचानक बाजूला झाला तर लगेच पाय दाबू नका. आधी बघा, तो तुमच्यासाठी सरकलाय की पुढचं काही चुकवायला.

अंतर धरलं, डावी लेन मोकळी आहे, आरसा दिसतोय. आता मागायचं. मी शिकवतो ते असं: उजवा इंडिकेटर चालू करा आणि एकदा डिप्पर द्या, म्हणजे हेडलाईटचा झोत क्षणभर वर करून खाली घ्या. एकदाच, झटकन. मग हात स्टेअरिंगवर ठेवून मनात दहा मोजा. ट्रक ड्रायव्हरला आरशात बघायचं, डावीकडे बघायचं, मोकळी आहे का ठरवायचं, मग गाडी वळवायची, याला तेवढा वेळ लागतोच. बहुतेक वेळा सात-आठवर त्याचा डावा इंडिकेटर लागतो. नाही लागला तर परत एक डिप्पर आणि सोबत एक आखूड हॉर्न. दिवसा उन्हात डिप्पर दिसत नाही, तेव्हा हॉर्न आधी. रात्री हॉर्नची गरज जवळजवळ नाही, डिप्पर पुरतो. त्यानंतरही तो हलला नाही, तर मी तिसऱ्यांदा लगेच मागत नाही. एखादा किलोमीटर जाऊ देतो. चढ संपतो, फाटा मागे पडतो, आणि तोच ड्रायव्हर आपणहून बाजूला होतो, असं कितीतरी वेळा बघितलंय.

तुमचा भाऊ म्हणतो तसं अप्पर लावून मागे लागू नका. रात्री मागून आलेला अप्पर सरळ आरशातून डोळ्यांत जातो. त्याला डावी लेन दिसणं बंद होतं, आणि जी लेन दिसत नाही तिथे तो गाडी घालणार कसा? तुम्हीच त्याला उजवीकडे अडकवून ठेवता. कोणाच्याही मागे चालताना लाईट खालीच हवा.

आणि ऑफिसमधल्या गृहस्थांचं म्हणणं? शहरात मला पटतं. विनाकारण हॉर्न वाजवण्याला मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्यांदा १,००० आणि पुन्हा केलं तर २,००० रुपये दंड आहे, आणि तो योग्यच आहे. पण हायवेला वेळेवर दिलेला एक आखूड हॉर्न म्हणजे 'मी इथे आहे' एवढीच वर्दी. मोटारसायकलला ओलांडताना तर तो द्यायलाच हवा, फक्त लांबून. अगदी बरोबरीला जाऊन हॉर्न दिला तर दुचाकीवाला दचकतो, मान वळवतो, आणि मान वळते तिकडे हँडल वळतं. चाळीस-पन्नास मीटर आधी द्या, तो सावरला की मग जा.

आता तुमच्या उंब्रजच्या प्रसंगाकडे येतो. तुम्ही लिहिलंय, 'माझीच चूक झाली का?' पूर्ण तुमची नाही. आपल्या रस्त्यांवर उजव्या इंडिकेटरचे तीन अर्थ चालतात, आणि कोणता कधी ते कोणी शिकवत नाही. कायद्याचा अर्थ एकच, मी उजवीकडे येतोय किंवा वळतोय. दुपदरी रस्त्यावर जुन्या ट्रकवाल्यांचा अर्थ वेगळा. मागच्याने साईड मागितली आणि समोरून गाडी येत असेल तर उजवा इंडिकेटर, म्हणजे 'थांब'. रस्ता मोकळा असेल तर डावा, म्हणजे 'जा'. आणि काही ड्रायव्हर अगदी उलट वागतात. उजवा इंडिकेटर देऊन म्हणतात, 'माझ्या उजवीकडून जा'.

मीही यात सापडलोय. १९९०च्या दशकातली गोष्ट, कोरेगाव रस्त्याला. तेव्हा तो साधा दुपदरी. संध्याकाळची गाडी, आत उभे धरून पन्नासेक माणसं. पुढे कांद्याचा ट्रक. मी हॉर्न दिला, त्याने उजवा इंडिकेटर दिला. आदल्याच आठवड्यात एका ट्रकवाल्याने असाच उजवा देऊन मला पुढे काढलं होतं, तोच अर्थ माझ्या डोक्यात बसला होता. मी एस.टी. उजवीकडे काढली. पुढचं चाक ट्रकच्या मागच्या चाकाच्या बरोबरीला गेलं आणि वळणातून टेम्पो समोर आला. मी ब्रेक दाबून ट्रकच्या मागे परत घुसलो, टेम्पो आमच्या आणि कडेच्या बाभळीच्या मधून गेला. मागे कोणाचं तरी पोर रडायला लागलं होतं. पुढे चहाच्या टपरीवर तो ट्रक उभा दिसला. मी भांडायलाच उतरलो. त्या माणसाने मला बाकावर बसवलं आणि शांतपणे म्हणाला, "मास्तर, मी तुम्हाला थांबा म्हणत होतो." त्याच्या बाजूने तो बरोबर होता. त्याला समोरचं दिसत होतं, मला नव्हतं.

त्या दिवसापासून मी दुसऱ्याच्या इंडिकेटरवर गाडी काढलेली नाही. पुढच्याचा इंडिकेटर ही माहिती समजायची, परवानगी समजायची नाही. तुमच्या चौपदरी-सहापदरी रस्त्यावर तर हे सोपं आहे. तिथे समोरची वाहतूक डिव्हायडरपलीकडे असते, म्हणून डाव्या लेनमधल्या ट्रकने उजवा इंडिकेटर दिला तर तो उजवीकडे येतोय असंच धरा. धरून चालण्यात तुमचं काही जात नाही. इंडिकेटरपेक्षा त्याची चाकं बघा. पुढचं चाक मधल्या पट्टीकडे सरकतंय का? त्याच्यापुढे डाव्या लेनमध्ये हळू गाडी आहे का? असेल तर तो येणारच, इंडिकेटर देवो न देवो.

हातांच्या खुणा मात्र ओळखायला शिका. जुने ड्रायव्हर आणि ट्रॅक्टरवाले अजून वापरतात. खिडकीतून उजवा हात आडवा बाहेर काढून मागून पुढे अर्धगोल फिरवला, की 'ओव्हरटेक करा'. तळवा जमिनीकडे करून हात वर-खाली केला, की 'मी वेग कमी करतोय'. हे १९८९ च्या रस्ता नियमांत लिहिलेलं होतं आणि आमच्या काळात लायसन्सच्या वेळी करून दाखवायला लागायचं. हाताच्या खुणेवर इंडिकेटरपेक्षा माझा जास्त विश्वास आहे. माणूस हात बाहेर काढतो तेव्हा त्याने मागे नक्की बघितलेलं असतं. तरीही शेवटचं बघायचं आपण.

डावीकडून काढू का, हाही प्रश्न तुम्ही केलाय. कायदा म्हणतो ओव्हरटेक उजवीकडून. पुढची गाडी उजवीकडे वळायला थांबली असेल तेव्हा डावीकडून जायची मुभा आहे. प्रत्यक्षात काय होतं हे तुम्हालाही माहीत आहे, मलाही. तीन लेनच्या रस्त्यावर ट्रक सगळ्यात उजवीकडे पन्नासने चाललाय, मधली लेन लांबपर्यंत रिकामी आहे, आणि तुम्ही आधीपासून त्या मधल्या लेनमध्ये आपल्या वेगाने येताय. तिथे त्याच्यामागे जाऊन उभं राहा असं मी सांगणार नाही. पण दोन लेनचा रस्ता असेल, त्याच्यामागून झपकन डावीकडे कट मारून, पुढून परत उजवीकडे घुसायचं असेल, तर ते करू नका. ट्रकची डावी बाजू ड्रायव्हरपासून सगळ्यात लांब असते आणि केबिनच्या डाव्या दाराखालची कार त्याला दिसत नाही. आणि गंमत अशी की तुम्ही मघाशी मागितलेली साईड त्याला नेमकी त्याच क्षणी द्यावीशी वाटते. एकदा डिप्पर दिला असेल तर किमान अर्धा मिनिट तरी डावीकडे जाऊ नका, तो तिकडेच यायची शक्यता असते. मधल्या लेनमधून जाताना त्याच्या मागच्या चाकाला पोचायच्या आधी आखूड हॉर्न द्या, त्याच्या बाजूला रेंगाळू नका, आणि पुढे गेल्यावर तो आतल्या आरशात पूर्ण दिसेपर्यंत त्याच्या लेनमध्ये शिरू नका.

काही ठिकाणी साईड मागायचीच नाही. तुमच्या रस्त्यावरचं पहिलं ठिकाण म्हणजे खंबाटकी. पुण्याहून येताना तुम्ही जुन्या घाटाने चढत असाल तर सांभाळा. एकेरी असल्यामुळे तो सोपा वाटतो. पण भरलेला ट्रक तिथे पहिल्या-दुसऱ्या गियरमध्ये, माणूस पळेल इतक्याच वेगाने चढत असतो. शेजारी दुसरा ट्रक त्याला ओव्हरटेक करत असेल तर दोन्ही लेन बंद. हॉर्न देऊन त्याला घाई केली, त्याने गियर चुकवला, की गाडी जागेवर थांबते आणि मागे सरकते. सरकते तुमच्यावरच. तिथे एसी बंद करा, टेंपरेचरच्या काट्यावर लक्ष ठेवा, पुढच्याला दोन गाड्यांची जागा सोडा आणि माथ्यापर्यंत तसेच चला. रविवारी परतताना जुन्या बोगद्यातून जात असाल तर तिथेही तेच. बोगदा संपला की उतार आणि लगेच एस आकाराचं वळण लागतं. किती अपघात बघितलेत मी तिथे. उतारावर ट्रक इंजिनच्या जोरावर गाडी धरून ठेवत असतो. त्याला लेन बदलायला लावणं म्हणजे ती पकड सोडायला लावणं. बोगद्यात शिरण्याआधी जी लेन धराल, तीच वळण संपेपर्यंत.

दुसरं ठिकाण म्हणजे कामं चालू असलेला पट्टा. साताऱ्याच्या पुढे कागलकडे सहापदरीकरणासाठी रस्ता जागोजागी वळवलेला असतो. ड्रम आणि बॅरिकेडमधल्या अरुंद लेनमध्ये समोरच्याला सरकायला जागाच नसते.

बोगद्यावरून आठवलं. चारही इंडिकेटर लावून बोगद्यातून किंवा पावसातून गाडी चालवू नका. चारही लुकलुकत असताना तुम्ही डावीकडे जाताय की उजवीकडे हे मागच्याला कळूच शकत नाही. ते बंद पडून उभ्या असलेल्या गाडीचे दिवे आहेत. हायवेला पुढे अचानक सगळं थांबलेलं दिसलं, तर मागच्याला सावध करायला पाच-दहा सेकंद लावा, तो थांबला की बंद करा. पावसात हेडलाईट खाली करून चालू ठेवा, तेवढं पुरतं.

साठने चालणारी कार उजव्या लेनमध्ये असते तिचं कारण ट्रकपेक्षा वेगळं. बहुतेक वेळा त्या माणसाला मागचं भानच नसतं. फोन चालू असतो, गप्पा चालू असतात, किंवा नवा असतो आणि डावीकडच्या दुचाक्यांना घाबरतो. तुम्हीही आठ महिन्यांपूर्वी तशाच असाल, म्हणून त्याच्याबद्दल राग धरू नका. एक डिप्पर, दहा आकडे, दुसरा डिप्पर. पण ज्याने हॉर्न ऐकून ब्रेक मारला, तो वेगळा माणूस. त्याला साईड नकोच मागायला. वेग दहा-पंधराने उतरवा, मध्ये दोन गाड्या येऊ द्या, गरज वाटली तर पुढच्या पेट्रोल पंपावर वळून पाणी प्या. एकट्या बाईला मुद्दाम मागे-पुढे करून छळणारे असतात. तसं वाटलं तर थांबायचं नाही, काच उघडायची नाही, ११२ ला फोन करून गाडीचा नंबर सांगायचा आणि माणसं असलेल्या ठिकाणी, टोलनाक्यावर वगैरे जाऊन थांबायचं. रस्त्यात गाडी बंद पडली किंवा अडथळा दिसला तर राष्ट्रीय महामार्गाची मदत १०३३ वर मिळते. दोन्ही नंबर सेव्ह करून ठेवा.

दिवाळीनंतर गळीत हंगाम सुरू झाला की आणखी एक गोष्ट वाढते, उसाचे ट्रॅक्टर. शेंद्रे, नागठाणे, अतीत ते कराडपर्यंत आणि पुढे पेठ नाक्यापर्यंत रात्री हे असणारच. मागे दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला, मागचा रिफ्लेक्टर पाचटाखाली झाकलेला. ड्रायव्हरने मोठ्याने गाणी लावलेली असतात, आरसा असला तरी त्यात ऊसच दिसतो. त्याला तुमचा हॉर्न ऐकू येणार नाही आणि डिप्पर दिसणार नाही. एका रात्री नागठाण्याच्या पुढे मी अशाच एका ट्रॅक्टरमागे पाच-सहा मिनिटं होतो. तो उजव्या लेनमध्ये, शेजारी डावीकडे दुसरा ट्रॅक्टर. मी डिप्पर देत होतो, पुढे काही हालचाल नाही. मग मागच्या ट्रॉलीवर उसात कोणीतरी घोंगडी बाजूला करून उठून बसलेलं दिसलं. बारा-तेरा वर्षांचा मुलगा असेल, तोडणीवाल्यांचा. त्याने आमच्या लाईटकडे बघितलं आणि पुढे तोंड करून हाका मारायला लागला. बापापर्यंत आवाज गेला की नाही कोणास ठाऊक, पण ट्रॅक्टर बाजूला गेला. तेव्हापासून उसाच्या ट्रॉलीमागे अंतर धरताना मला वर कोणीतरी झोपलेलं असेल असंच वाटतं. थोडक्यात, तिथे साईड मिळेल हे धरून चालू नका. ट्रॅक्टर पंधरा-वीसने चाललेला असतो आणि अंधारात तो उभ्या भिंतीसारखा अचानक समोर येतो. हंगामात रात्री ७० च्या वर जाऊ नका, आणि जमलं तर रविवारी दिवस असतानाच निघा.

वेळेचंही एकदा बघा. सुरूर फाट्यापासून साताऱ्यापर्यंतचा पट्टा ३५ किलोमीटर धरला, तर ८० ने सव्वीस मिनिटं आणि ७० ने तीस मिनिटं लागतात. अख्ख्या पट्ट्यात ट्रकमागे अडकून राहिलात तरी चार मिनिटं गेली. हे मी विद्यार्थ्यांना कागदावर करून दाखवतो. त्यानंतर त्यांचा डिप्परवरचा हात आपोआप हलका होतो.

तुम्ही विचारलं नाहीत, पण तुमच्याही मागे कोणीतरी असतं. मागून डिप्पर आला तर चिडू नका. डावी लेन मोकळी आहे ना बघा, डावा इंडिकेटर द्या, शांतपणे सरका, आणि तो बाजूने जात असताना वेग वाढवू नका. ओव्हरटेक होत असताना वेग वाढवणं नियमाविरुद्धही आहे. डावीकडे जागा नसेल तर घाबरून ब्रेक मारू नका किंवा कशाच्या तरी मध्ये घुसू नका. आहे त्या वेगाने पुढचं वाहन पार करा, मग द्या. मागे रुग्णवाहिका असेल तर मात्र काहीही करून जागा करायची. आणि तुम्हाला कोणी साईड दिली तर पुढे गेल्यावर खिडकीतून हात वर करा. ट्रकवाल्यांना दिवसभरात शिव्या पुष्कळ मिळतात, हात कोणी करत नाही. मी एस.टी.त असताना रोजच्या रस्त्यावरच्या काही ट्रकवाल्यांशी अशी हातानेच ओळख झाली होती. नाव-गाव कधी कळलं नाही, पण माझी गाडी आरशात दिसली की ते आधीच डावीकडे व्हायचे.

राहता राहिला मोठा हॉर्न. बसवू नका. कर्कश आणि एकामागून एक वेगळे सूर काढणारे हॉर्न केंद्रीय मोटार वाहन नियमांत चालत नाहीत. ट्रकमागचं 'हॉर्न ओके प्लीज' सुद्धा महाराष्ट्रात २०१५ मध्ये बंद केलं, ते या हॉर्नबाजीमुळेच. शिवाय कारच्या पुढून ट्रकचा आवाज आला की पुढचा माणूस मागे ट्रक शोधतो आणि तुम्ही त्याला दिसतच नाही. गाडीला कंपनीचा जो हॉर्न आहे तो पुरेसा आहे. त्यापेक्षा निघायच्या आधी दोन मिनिटं द्या. हेडलाईटच्या काचा ओल्या फडक्याने पुसा, शिरवळपर्यंत जातानाच त्यांच्यावर धूळ आणि किडे बसतात. मागच्या इंडिकेटरचे बल्ब लागतात का, कोणाला तरी मागे उभं करून बघा. बाहेरचे दोन्ही आरसे असे लावा की त्यात तुमच्या गाडीची कड जेमतेम दिसेल आणि बाकी सगळा रस्ता. येत्या शनिवारी हे करून निघा, आणि घाट उतरल्यावर पहिल्याच ट्रकमागे तो आरसा दिसेपर्यंत मागे राहून एक डिप्पर देऊन बघा. काय झालं ते कळवा.